आत्येसासूबाईंची सॅक

माझ्या आत्येसासूबाईंइतकं कमी सामान घेऊन फिरणारं माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही, आणि त्या कमी सामानाचा इतका प्रचंड पसारा घरभर मांडून बसणारंही दुसरं कुणी सापडणार नाही. आत्येसासूबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. कोल्हापूरच्या एका सराफाची ही मुलगी ऐन तरुणपणी शिकायला म्हणून इकडे आली, अमेरिकेच्या पश्चिम टोकाला असलेल्या बॉथेल गावातल्या एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये चिकटली, आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारण्याची सासरच्या कुणाची आजवर छाती झालेली नाही, कारण आत्या दरवर्षी सप्टेंबरात डोंगरापलीकडच्या सरकारी जंगलात एकट्या पायी जातात, तंबू ठोकून राहतात आणि तिरकमठ्यानं हरणाची शिकार करतात. बाणानं हरीण मारणाऱ्या बाईला खाजगी प्रश्न विचारताना माणूस जरा विचार करतो.

मी लग्न होऊन बॉथेलला आले तेव्हा नवरा मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेला. 'आत्या थोडी वेगळी आहे,' एवढंच त्यानं गाडीत सांगितलं होतं. दार उघडंच होतं. डायनिंग टेबलावर छोटा डिजिटल काटा, काट्यावर एक लोकरी मोजा, आणि चष्मा कपाळावर चढवून त्या मोज्याकडे रोखून बघणाऱ्या आत्या. मी पदर सावरून नमस्काराला वाकले, तर वरून आवाज आला, "जरा थांब की. आधी हा मोजा होऊ दे." मी वाकलेलीच राहिले. मोजा झाला. "पावणेचार तोळे," त्या म्हणाल्या आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या सगळं तोळ्यातच मोजतात. काटा ग्रॅम दाखवतो, इथली दुकानं औंसात बोलतात, पण लहानपणी वडिलांच्या पेढीवर बसून जे माप डोक्यात बसलं ते गेलं नाही. त्यांची झोपायची पिशवी, रेनकोट, चमचा, पाणी गाळायची नळी, सगळ्याचा भाव त्यांना तोळ्यात पाठ असतो आणि अर्धा तोळा कमी झाला की एखाद्याला अर्धा तोळा सोनं सापडावं तसा त्यांचा चेहरा उजळतो.

हे हलकं करायचं वेड नुसतं वस्तू विकत घेऊन भागत नाही. विकत आणलेल्या वस्तूला आत्यांकडे आल्यावर पुन्हा एक जन्म घ्यावा लागतो. कपड्यांची लेबलं उसवली जातात. नकाशाच्या कडेची पांढरी पट्टी कापली जाते. झोपायची मॅट खांद्यापासून कंबरेपर्यंतच ठेवून खालची कापून टाकलेली आहे, कारण 'पायांना कुठे कळतंय खाली काय आहे'. सॅकला असलेल्या पट्ट्या, बक्कलं, खिसे, शिट्टी हे सगळं एकेक करत इतकं उतरवलंय की आता ती सॅक आहे हे सांगावं लागतं. आवाज करणारी वस्तू तर त्यांना वजनदार वस्तूपेक्षाही वाईट. वेल्क्रो उघडतानाचा तो चर्रकन आवाज हरणाला दुसऱ्या डोंगरावर ऐकू जातो म्हणून आत्यांनी घरातलं यच्चयावत वेल्क्रो काढून तिथे परकराला लावतात तशी नाडी ओवली आहे. आणि मांस ठेवायच्या पिशव्या! दुकानातल्या पिशव्या त्यांना जड वाटल्या. मग त्यांनी कपाटातून स्वतःच्या आईची निळ्या बुट्ट्यांची जुनी वायलची साडी काढली आणि मशीनवर बसून तिच्या झकास पिशव्या शिवल्या. हे माझ्या सासूबाईंना पुण्यात फोनवर कळलं. मग त्या म्हणाल्या, "वन्सं, आईंची साडी?" आत्या म्हणाल्या, "वहिनी, हवा खेळती राहते, माशी बसत नाही आणि वाळते लगेच. आईनं पण ती याचसाठी घेतली होती."

हलकं असणं आणि मावणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त. तो मला फार महागात पडला. पहिल्याच वर्षी मोठ्या उत्साहानं मी त्यांना जंगलात न्यायला डबाभर कुरमुऱ्यांचा चिवडा करून दिला. कुरमुऱ्यांपेक्षा हलकं जगात काय असणार? आत्यांनी डबा हातावर तोलला, वजनाला पसंती दिली आणि मग त्या चिवड्याकडे नि सॅककडे आळीपाळीने बघत राहिल्या. "सूनबाई, हलका आहे गं. पण सॅकमध्ये हा एकटाच बसेल. मी काय घेऊ मग, तिरकमठा डोक्यावर?" त्यांचा तिरकमठादेखील तसाच निवडलेला, तीन तुकड्यांत उघडून सॅकमध्ये उभा सरकणारा. आजकालची मंडळी चाकं-दोऱ्या असलेली मोठी यंत्रासारखी धनुष्यं घेऊन जातात. आत्यांच्या मते ती धनुष्यं चांगली असतात, पण त्यांच्यासोबत आपण जातो, ती आपल्यासोबत येत नाहीत. शेवटी माझ्या वाट्याला सातूचं पीठ आणि मेतकूट आलं. तेही बिनहिंगाचं. "हिंगाशिवाय मेतकूट कसं लागणार आत्या?" मी विचारलं. "मला कसं लागायचं ते लागू दे. हरणाला कळता कामा नये."

वास हा आमच्या घरातला सप्टेंबरचा कळीचा मुद्दा. हंगाम जवळ आला की आत्या आमच्या घरात पाऊल ठेवत नाहीत. फोडणीचा वास कपड्यांत बसतो आणि जंगलात तो आपल्या आधी पोचतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुतलेले, बाहेर वाळवलेले, आणि फर झाडाच्या डहाळ्या घालून वेगळ्या पेटीत ठेवलेले असतात. त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या दिवसांत त्या जेवायला आल्याच तर मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसतात आणि मी काचेचं दार बोटभर सरकवून ताट बाहेर देते. नवरा आतून विचारतो, "आत्या, सोवळ्यात आहेस का?" आत्या शांतपणे वरण-भात कालवत सांगतात, "आहे. शिवू नकोस." डेकवर बसल्याबसल्या त्या डोळ्यांत घालायच्या औषधाची एक रिकामी बाटली दाबतात. तिच्यातून तांदळाच्या पिठीचा बारीक फवारा उडतो, आणि वारा कुणीकडचा हे बघितल्यावर पुढचा घास. शेजारच्या कोरियन आजींना हा धार्मिक विधी वाटतो आणि त्या कुंपणापलीकडून हात जोडतात.

पण इथल्या मराठी मंडळात मात्र हा विषय हसण्यावारी जात नाही. शिकारीचा हंगाम आणि गणपती नेमके एकाच सुमाराला येतात. ज्या वेळी बॉथेलच्या सगळ्या काकू आणि मावश्या कम्युनिटी हॉलमध्ये मोदक वळत असतात, त्या वेळी आत्या डोंगरात. एकदा एका मावशींनी त्यांना तोंडावर विचारलं, "गणपतीत शिकार? अहो, काय हे!" आत्या म्हणाल्या, "हंगाम सरकार ठरवतं, मी नाही. गणपती माझ्यावर रागावला असेल तर तो मला भेटेल तेव्हा बोलेल." त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि हळूहळू बोलावणंही कमी झालं. 'त्या नसतातच ना,' असं म्हणत लोकांनी त्यांना सप्टेंबरातून काढलं, मग दिवाळीतून, मग नुसत्या शनिवार-रविवारच्या जेवणांतूनही. आत्यांना याचं काही वाटत असेल असं त्यांनी कधी दाखवलं नाही. "सिटिझन झाले तेव्हा एवढं सगळं जंगल मला मिळालं," त्या म्हणायच्या. "सगळ्यांच्या मालकीचं आहे म्हणजे माझ्याही मालकीचं आहे. बंगलेवाल्यांना विचार, कुणाकडे आहे का एवढी जागा?" रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या ट्रकमधून येणारे शिकारी गर्दी करतात. त्या गर्दीच्या पुढे जायचं तर पायी जावं लागतं, आणि पायी जायचं तर ओझं कमी लागतं. माणसांपासून लांब जाता यावं म्हणून आत्यांची ही सगळी धडपड चालते, असा माझा समज होता. नवऱ्याचाही तोच समज होता.

मग दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात एका सकाळी मी थालीपीठ थापत असताना त्यांचा फोन आला. नवरा क्लायंटकडे टेक्ससला गेला होता. "काय गं, ऑफिस आहे का आज?" आत्यांनी विचारलं. आवाज अगदी घरचा, साखर संपली म्हणून फोन केल्यासारखा.

"घरूनच काम आहे. तुम्ही कुठे आहात?"

"डोंगरातच. एका खडकावर उभी आहे, इथेच काय तो सिग्नल येतो. हरीण पडलंय."

"अरे वा! अभिनंदन, आत्या!"

"हां. त्याच्याकडे उतरताना मीही पडले. गुडघा काही नीट दिसत नाही. चालता येतंय, उचलता येत नाही. तू येशील का?"

त्यांनी मला आजवर काहीही मागितलं नव्हतं. बिनहिंगाचं मेतकूटदेखील मीच देऊ केलं होतं. मी गॅस बंद केला. कुठून यायचं ते त्यांनी सांगितलं: घाट ओलांडून पलीकडे, गावाच्या पुढे कच्चा रस्ता, रस्ता संपतो तिथे लोखंडी फाटक, फाटकापासून जुन्या लाकूडतोडीच्या वाटेनं सरळ आत, ओढा लागला की ओढ्याच्या वरच्या अंगाला. "बर्फ घेऊन ये, भरपूर. बर्फाची पेटी, कूलर, माझ्या गाडीत आहे. आणि रिकामी सॅक आण. तुझी ती ऑफिसची नको, त्याची ट्रेकिंगची आण. मी तोवर काम उरकते." फोन बंद झाला. मी ऑफिसात कळवलं की घरात इमर्जन्सी आहे, आणि निघाले. मॅनेजरनं 'ऑल ओके?' असं विचारलं, तोवर मी गाडी रस्त्याला लावली होती.

घाट ओलांडला की देश बदलतो. अलीकडे सगळं ओलं, हिरवं, शेवाळलेलं, आणि पलीकडे पिवळं गवत, लालसर सालीचे उंच पाइन आणि कोरडं, टोचणारं ऊन. फाटकापाशी आत्यांची धुळीनं माखलेली छोटी गाडी एकटीच उभी होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच जंगलात एकटी चालत होते. पुण्यात असताना ग्रुपबरोबर गड चढले होते, पण तिथे पुढे-मागे कुणीतरी गात असतं. इथे माझ्याच बुटांचा आवाज. मध्येच काहीतरी सळसळलं की मी मोठ्यानं 'कोण आहे?' म्हणायचे, मराठीत. वाटेत आत्यांना कसं आणायचं, मदतीला कुणाला बोलवायचं, नवऱ्याला काय सांगायचं याचेच विचार. ओढ्याचा आवाज आला तशी मी त्यांना हाका मारत सुटले.

"ओरडू नकोस गं. मी इथंच आहे," समोरूनच आवाज आला.

त्या एका झाडाच्या बुंध्याला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यावर साडीच्या उरलेल्या पट्टीचं घट्ट बँडेज होतं. हात ओढ्यात धुतलेले, पण नखांत रक्त वाळलेलं. त्यांच्या मागे सावलीत, एका आडव्या फांदीवरून निळ्या बुट्ट्यांच्या पिशव्या लटकत होत्या, भरलेल्या, जड. वाऱ्यावर त्या जराशा हलत होत्या. अशा दुखऱ्या पायानं, एकटीनं, त्यांनी ते सगळं हरीण सोडवून, हाडांपासून मांस वेगळं करून, टांगून ठेवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि गुडघ्याला हात लावला. तो सुजून नारळाएवढा झाला होता.

"चला आत्या, आधी तुम्हाला बाहेर काढते. माझ्या खांद्यावर हात ठेवा."

"आधी मांस."

"आत्या, काहीतरी काय! मांसासाठी मी परत येईन."

"अगं, ऊन बघ. मी नासत नाही, हे नासतं." त्या पहिल्यांदाच जरा जोरात बोलल्या. मग आवाज खाली आला. "मी मारलंय ते. वाया गेलं तर मी कशाला मारलं? तू आधी हे गाडीत बर्फावर ठेवून ये. मी बसते इथेच. कुठं जाणार आहे मी?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बसल्या जागेवरून मला सॅक भरायला शिकवली. जड ते पाठीच्या जवळ, खांद्यांच्या उंचीला. पट्टा कंबरेवर, पोटावर नाही. सॅक उचलताना आधी मांडीवर घ्यायची. मी उभी राहिले आणि आधी शेजारचं झाड धरलं. आपण खाटकाकडून आणतो ते पाव किलो, अर्धा किलो. एक अख्खा जीव पाठीवर घेतला म्हणजे किती असतो हे मला माहीत नव्हतं. फाटकापर्यंत जाताना कितीदा थांबले ते आठवत नाही. बर्फ ओतला, पिशव्या ठेवल्या, आणि रिकाम्या सॅकनं पळतच परत आले. आत्या होत्या तशाच बसल्या होत्या. फक्त त्यांचे डोळे लाल दिसत होते. मला बघून त्यांनी टोपी खाली ओढली.

उरलेलं मांस आणि त्यांचं बरंचसं सामान माझ्या पाठीवर घेऊन आम्ही निघालो. त्या दोन काठ्यांवर, एकेक पाऊल. मी पुढे, त्या मागे. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. बहुधा मी पाठमोरी होते म्हणून.

"मारल्यावर आधी गप्प बसायचं असतं. बार्बनं शिकवलं मला. हात लगेच लावायचा नाही. बसायचं त्याच्याजवळ थोडा वेळ. आम्ही दोघी बसायचो."

बार्ब म्हणजे त्यांच्या लॅबमधली सहकारी. मी तिचा फोटो त्यांच्या फ्रिजवर पाहिला होता. पिकल्या केसांची, दात दाखवून हसणारी एक उंच बाई. ती त्यांना शिकारीला नेणारी पहिली, तिरकमठा हातात देणारीही तीच, आणि जवळजवळ वीस वर्षं त्या दोघी दर सप्टेंबरात याच ओढ्यावर येत होत्या. हे मला त्या वाटेवर कळलं. नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं. घरात सगळे समजत होते की आत्या पहिल्यापासून एकट्याच जातात.

"आता कुठे असतात त्या?"

"ॲरिझोनात. मुलाकडे. हिप बदलली, मग दुसरी बदलली. मुलगा म्हणाला, बास, आता इकडेच राहा." त्या थांबल्या, काठ्यांवर रेलल्या. "दरवर्षी फोनवर म्हणते, नेक्स्ट इयर. मी म्हणते, ये. तिला पण माहीत आहे, मला पण माहीत आहे."

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तंबू तिच्याकडे असायचा. स्टोव्ह, भांडं माझ्याकडे. पाण्याची नळी तिच्याकडे, दोर माझ्याकडे. दोघी असल्या की वाटून घेता येतं गं. ती गेल्यावर पहिल्या वर्षी मी सगळं एका सॅकमध्ये भरलं आणि या फाटकापासून निघाले. त्या वळणापर्यंत आले असेन. पुढे उचलेना. तिथेच बसले. मग परत जाऊन गाडीत बसले, आणि घरी गेले." त्या हसल्या. "तेव्हा काटा आणला. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, आत्याला हौस आहे. हौस कसली? एकटं माणूस झालं की सगळंच आपल्याला न्यावं लागतं. मग एकेक वस्तू बघायची, हिच्यावाचून चालेल का."

मला मागे वळून बघायचं होतं, पण वळले नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही किती वर्षं त्या मोज्याची, त्या अर्ध्या मॅटची, त्या नाड्यांची नक्कल करून हसत आलो होतो. त्या स्वतःही हसायच्या. कुणीही त्यांना कधी विचारलं नव्हतं की आत्या, हे सगळं सुरू कधी झालं.

फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. आत्यांची गाडी तिथेच ठेवून मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं, कूलर मागे चढवला. घाटात त्यांना झोप लागली. घोरत होत्या. अंगाला पाइनचा, घामाचा आणि रक्ताचा वास येत होता.

गुडघ्याला पट्टा लागला, डॉक्टरांनी महिनोन्महिने जपायला सांगितलं. नवऱ्यानं टेक्ससहून व्हिडिओ कॉलवर तोंडसुख घेतलं. "आत्या, बस झालं आता. तू साठीच्या पुढे आहेस. तिथे काही झालं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता." पुण्याहून सासूबाई बोलल्या, कोल्हापूरहून थोरले काका बोलले. आत्या सगळ्यांना 'बरं' म्हणाल्या. इतक्या पटकन बरं म्हणाल्या की मला ते आवडलं नाही. थंडीभर मी त्यांच्याकडे जात राहिले. त्या हरणाच्या मांसाचं सुकं त्यांनी मला शिकवलं, तांबडं, भरपूर तिखटाचं. हंगाम संपला होता, त्यामुळे हिंग-लसणाला मुभा होती. पण टेबल रिकामं होतं. काटा कपाटात गेला होता. त्या टीव्ही बघत बसायच्या. मी आले की टीव्ही बंद करायच्या नाहीत, नुसता आवाज कमी करायच्या. एकदा विचारलं, "बार्बचा फोन?" तर म्हणाल्या, "तिला काय सांगू? जात नाही म्हणून?"

वसंतात एका रविवारी, पुरण शिजताना, मी म्हणाले, "आत्या, सप्टेंबरात मी आले तर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नखशिखान्त, सराफाच्या मुलीच्या नजरेनं. "तुझा आवाज फार आहे."

"कमी करीन."

"तंबू उचलशील?"

"उचलीन."

दुसऱ्या दिवशी टेबलावर काटा आला.

त्या सप्टेंबरात मी त्यांच्यासोबत गेले. ओढ्याच्या खूप अलीकडे, सोप्या जागी तळ टाकला, कारण गुडघ्याचं तसं ठरलं होतं. मला तिरकमठा ओढता आला नाही, शिंक आवरली नाही, आणि एक देखणं, मोठं हरीण माझ्या शिंकेनं पळालं. आत्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, आणि मग दोघींना इतकं हसू आलं की उरलीसुरली हरणंही दुसऱ्या तालुक्यात गेली असतील. मांस काही मिळालं नाही. सकाळी त्या छोट्या स्टोव्हवर कोरा चहा करायच्या, मी तंबूतून डोकं बाहेर काढलं की हातात द्यायच्या, आणि आम्ही काही न बोलता सूर्य वर येईपर्यंत बसायचो. घरी परत येताना त्यांनी गाडीत बार्बला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "दिस इज माय नेफ्यूज वाइफ. शी कॅरीज द टेंट," असं मोठ्या अभिमानानं सांगितलं. पलीकडून बार्ब म्हणाली, "ओह, थँक गॉड."

आम्हा दोघींना वाटलं होतं की आता हे असंच चालायचं. पण इकडच्या नोकऱ्यांचं काय सांगावं. पुढच्या हिवाळ्यात नवऱ्याच्या कंपनीनं अख्खी टीमच काढून टाकली. आम्ही अजून व्हिसावर. मुदतीच्या आत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर परत. मिळाली ती हर्नडनला, व्हर्जिनियात, देशाच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. माझी नोकरी मला तिथून करता येणार होती. घर आवरलं, बांधलं, ट्रकमध्ये भरलं. आत्या रोज येऊन मदत करायच्या. आमचं किती अनावश्यक सामान त्यांच्या हाताखालून गेलं, तुटके मिक्सर, न घातलेले कोट, लग्नातली भांडी, पण त्यांनी कशालाही नावं ठेवली नाहीत. विमानतळावर सोडायलाही त्याच आल्या. आमच्या बॅगा त्यांनी एकेक करून गाडीतून काढून ट्रॉलीवर चढवल्या. सगळ्यात जड होती ती नवऱ्यानं हात पुढे करायच्या आत स्वतःच उचलली, आणि किती तोळे ते सांगितलं नाही. "पोचलात की फोन कर," एवढं म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. काच खाली केली नाही.

या वर्षी सप्टेंबर जवळ आला तेव्हा मी त्यांना नका जाऊ म्हणायचं ठरवलं होतं. म्हटलं नाही. नवऱ्यानं मात्र एक सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र विकत घेऊन त्यांच्या पत्त्यावर पाठवलं आणि ते जवळ ठेवलं तरच जा, अशी अट घातली. आत्यांनी ते यंत्र काट्यावर ठेवून त्याचा फोटो आम्हाला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. पण नेलं. त्यावर एक बटण आहे. ते दाबलं की आधीच टाइप करून ठेवलेलं एकच वाक्य ज्याचा नंबर दिलाय त्याला जातं. नंबर त्यांनी माझा दिला. मला बजावलं, "उलट उत्तर पाठवू नकोस. ते वाजतं, आणि बॅटरी खातं."

त्यांची पहाट होते तेव्हा आमच्याकडे ऑफिस सुरू झालेलं असतं. हर्नडनच्या या अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग आणि पलीकडच्या ऑफिसांच्या काचा दिसतात. लॅपटॉपवर टीमची सकाळची मीटिंग चालू असते, एकेक जण काल काय केलं, आज काय करणार ते सांगत असतो. मध्येच फोन थरथरतो. 'मी ठीक आहे. निघते.' मी ते वाचते. उत्तर टाइप करावंसं वाटतं, पण पाठवायचं नाहीये. मग कुणीतरी माझं नाव घेतं, मी म्यूट काढते आणि सांगते की माझ्याकडे सगळं ठीक आहे, काही अडलेलं नाही.